मदत हवी आहे: सेकिरोचा शेवटचा बॉस इशिन – भाल्यापुढे टिकाव लागत नाही (आणि तुमचा सर्वात अवघड, सर्वात आवडता बॉस कोणता?)

शेवंती

नमस्कार मंडळी. ‘सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस’ हा व्हिडिओ गेम ज्यांनी खेळला आहे त्यांची मदत हवी आहे. पुढे गेमच्या शेवटाबद्दल लिहिते आहे, त्यामुळे खेळायचा बाकी असेल त्यांनी इथेच थांबावं.

मुलगा शिकायला बाहेरगावी गेल्यावर त्याचा पीएस४ घरीच राहिला. आधी त्यावर ‘ब्लडबोर्न’ खेळले, पूर्ण केला, त्याचा डीएलसी, म्हणजे नंतर आलेला जोडभागसुद्धा. ऑर्फन ऑफ कॉस हा तोवरचा मला सर्वात जड गेलेला बॉस. मग सेकिरो घेतला आणि आता शेवटच्या बॉसवर, स्वोर्ड सेंट इशिनवर, अडकले आहे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: आधी गेनिचिरो येतो, मॉर्टल ब्लेड नावाची काळी तलवार घेऊन. त्याला एका डेथब्लोत, म्हणजे जीव घेणाऱ्या निर्णायक वारात, संपवायचं. मग त्याच्याच देहातून त्याचे आजोबा इशिन बाहेर येतात, तेही ऐन उमेदीतले. आजारानं गेलेला म्हातारा नव्हे, तर आशिना जिंकून घेणारा योद्धा. त्यांचे तीन डेथब्लो. पहिल्या भागात तलवार, दुसऱ्यात तिच्या जोडीला भाला आणि पिस्तूल, तिसऱ्यात त्यावर वीज. मेलं की पुन्हा गेनिचिरोपासून सुरुवात.

गेनिचिरो आता बऱ्यापैकी जमतो. तलवारीचा इशिनसुद्धा जमतो. भाला निघाला की सगळं विस्कटतं. लांब गेले तर गोळ्या झाडतो आणि भाल्याच्या मोठ्या फेकीत सापडते. जवळ गेले तर काय येतंय तेच कळत नाही. ब्लडबोर्नमध्ये अंगवळणी पडलेलं बाजूला सरकणं इथे फारसं उपयोगी पडत नाही.

माझे प्रश्न असे. भाल्याच्या फेजमध्ये जवळ राहायचं की लांब? माझं वय ४७ आहे. डिफ्लेक्टचं (ऐन वेळी वार परतवायचं) बटण दाबायला हाताचा तेवढा वेग लागतोच का, की सरावानं जमतं? आणि सारखं मरून ड्रॅगनरॉट हा रोग पसरतो, देवळातले लोक खोकायला लागतात. ते खरंच मरतात का? हे मला मनापासून विचारायचं आहे, कारण देवळातल्या मूर्तिकाराचा खोकला ऐकवत नाही.

एक विनंती. इशिनला कडेला अडकवून किंवा एकच वार करून पळत राहून हरवायचे व्हिडिओ मी पाहिलेत. ते नकोत. हा बॉस मला फार आवडतो. ज्या गवताळ माळावर गेमच्या सुरुवातीला गेनिचिरो आपला हात तोडतो, त्याच माळावर हा शेवट होतो. ती लढाई समोरासमोर जिंकायची आहे.

जाता जाता तुमचा सर्वात अवघड आणि सर्वात आवडता बॉसही सांगा. दोन्ही एकच असेल तर का, तेही.

कडेकपारी

ताई, आधी एक साधी गोष्ट तपासा. टीव्हीवर ‘गेम मोड’ चालू आहे का? चित्र गुळगुळीत करणाऱ्या प्रक्रियांमुळे बटण दाबणं आणि पडद्यावर ते दिसणं यात उशीर होतो. इतर गेममध्ये तो खपून जातो, सेकिरोत नाही. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड निवडा, ‘मोशन’ या नावाचं जे काही असेल ते बंद करा आणि मग पुन्हा खेळून बघा. वयाला दोष देण्याआधी टीव्ही बघावा, असं माझं ठाम मत आहे.

आता वेगाबद्दल. या गेममध्ये डिफ्लेक्ट आणि ब्लॉक एकाच बटणावर आहेत, आणि हीच यातली सर्वात दयाळू गोष्ट आहे. बटण जरा लवकर दाबून धरलं तर डिफ्लेक्ट हुकतो, पण ब्लॉक मिळतो. पॉश्चर (तोलाचा बार, भरला की बचाव मोडतो) थोडा वाढतो, जीव वाचतो. उशिरा दाबलं तरच वार लागतो. म्हणून शंका आली की लवकर दाबा. फक्त बटण टकटक करत बसू नका, कारण पटापट दाबत राहिलं की डिफ्लेक्टची वेळ आकसत जाते. एका वाराला एकदा, मोजून.

आणखी एक. डिफ्लेक्ट अचूक असेल तर तुमचा पॉश्चर बार कितीही भरला तरी त्या वारानं फुटत नाही. म्हणजे बार लाल झाला म्हणून मागे पळायची गरज नाही. उलट तेव्हाच धीर धरायचा.

रानवाट

ड्रॅगनरॉटनं कोणीही मरत नाही, निश्चिंत राहा. ज्यांना तो होतो त्यांचे काही संवाद आणि कामं तेवढी अडकून पडतात. ड्रॅगन्स ब्लड ड्रॉपलेट हे औषध असेल तर आयडॉलपाशी, म्हणजे विसाव्याच्या मूर्तीपाशी, वापरा, सगळे बरे होतात. मरताना पैसे आणि अनुभव अर्धे जातात, ते वाचवणारी ‘अनसीन एड’ची शक्यता ड्रॅगनरॉटमुळे कमी होते, इतकंच. शेवटच्या बॉसपर्यंत पोहोचल्यावर त्याचं फारसं काही राहत नाही. तरी मूर्तिकाराला बरं करून मग माळावर जा. मीही तेच केलं होतं, मन हलकं होतं.

सरावासाठी दोन जागा. मोडक्या देवळाबाहेर हानबेई उभा असतो. तो अमर आहे आणि मुद्दाम शिकवण्यासाठीच ठेवला आहे. मिकिरी काउंटर (खुपसणाऱ्या वारावर पुढे होऊन हत्यार पायाखाली दाबायचा डाव) त्याच्यावर पक्का करा, कारण भाल्याच्या फेजमध्ये तोच तुम्हाला तारणार आहे. दुसरी, गेम अपडेट केलेला असेल तर आयडॉलपाशी ‘रिफ्लेक्शन ऑफ स्ट्रेंग्थ’ दिसेल. २०२० च्या ऑक्टोबरमधल्या मोफत अपडेटनं ते आलं. हरवलेल्या बॉसशी तिथे पुन्हा लढता येतं. किल्ल्यावरचा गेनिचिरो तिथे निवडा. त्याची तिसरी फेज विजेची आहे, इशिनच्या तिसऱ्या फेजची तयारी तिथेच होऊन जाते.

शेवटच्या लढाईतल्या गेनिचिरोवर एकही गोर्ड (लाइफ भरून काढणारा घोट) खर्च होऊ नये, हे पहिलं उद्दिष्ट ठेवा. दोन गोर्ड जात असतील तर अजून इशिनचा विचार नको, गेनिचिरोच पक्का करा.

तिसरी_घंटा

माझं मत थोडं वेगळं आहे. गेम विकत घेतलाय, तो कसाही संपवायचा हक्क आहे. सेकिरोत काठिण्यपातळी निवडायची सोयच नाही आणि मदतीला कोणाला बोलावताही येत नाही. अशा वेळी एखादी पळवाट सापडली तर त्यात कमीपणा नाही. शेवंतीताईंना ती नको आहे, ते मान्यच. पण हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला वाटू नये की त्यानं लबाडी केली.

माझा सर्वात अवघड आणि सर्वात आवडता एकच: ‘होलो नाइट’मधला नाइटमेअर किंग ग्रिम. २०१७ साली आलेला हा गेम ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या अगदी छोट्या चमूनं केला आहे. ग्रिम मोफत आलेल्या ‘द ग्रिम ट्रूप’मध्ये मिळतो. त्याचा प्रत्येक फटका दोन मास्क (त्या गेममधली लाइफची मोजणी) नेतो, त्यामुळे चुकायला जागाच नाही. पण त्याची प्रत्येक चाल आधी सांगून येते. जमिनीतून उठणारे आगीचे खांब, आगीची वटवाघळं, वरून तिरकी झडप, मध्येच फुगून चारी दिशांना उधळणारे गोळे. सगळ्याला एक इशारा आहे. तो ओळखू यायला लागला की आधी अशक्य वाटणारी लढाई दोघांनी ठरवून केलेल्या नाचासारखी होते. जिंकल्यावर मला आनंदाइतकीच हुरहुर वाटली, कारण आता हे पुन्हा पहिल्यांदा घडणार नव्हतं.

जुना_भिडू

आमच्या वेळी कॅसेटवाल्या टीव्ही गेमवर कॉन्ट्रातली पहिल्या लेव्हलच्या शेवटची तोफांची भिंत, हाच काय तो बॉस. बाहेरच्या खोलीत दोघं भाऊ एकेक कंट्रोलर धरून बसायचो आणि तीस जीव मिळवणारा कोड सगळ्या गल्लीला तोंडपाठ होता.

पण आवडता बॉस विचारलात तर ‘मेटल गिअर सॉलिड ३’मधली द बॉस. गेम २००४ चा आहे, तरी कथा फोडतोय हे सांगून ठेवतो. पांढऱ्या फुलांचं रान आणि हातात दहा मिनिटं. समोर जिनं आपल्याला सगळं शिकवलं ती गुरू. लढायला ती अवघड आहेच, हातघाईच्या झुंजीत ती आपलेच डाव आपल्यावर उलटवते. पण खरं अवघड पुढे आहे. ती खाली पडते आणि गेम थांबून राहतो. शेवटची गोळी आपोआप सुटत नाही, बटण आपल्यालाच दाबावं लागतं. हिदेओ कोजिमांनी तो एक क्षण खेळणाऱ्याच्या हाती दिला, म्हणून तो बॉस इतक्या वर्षांनी माझ्या मनात आहे. बॉस म्हणजे फक्त मोठा लाइफ बार नव्हे, हे मला तिथे कळलं.

‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ही याच वळणाचा. सोळा महाकाय प्राणी, मध्ये एकही किरकोळ शत्रू नाही, आणि प्रत्येक विजयानंतर आपण बरोबर केलं का असा प्रश्न.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. कडेकपारी, टीव्हीवर गेम मोड बंदच होता. चालू केल्यावर गेनिचिरोच्या वारांवर तलवारीचा तो खणखणीत आवाज कितीतरी जास्त वेळा यायला लागला. मूर्तिकारालाही बरं केलं. रानवाट, हानबेईपाशी रोज थोडा वेळ घालवते आहे, मिकिरी आता बघून होतो, अंदाजानं नाही.

तिसरी_घंटा, तुमचं म्हणणं पटलं. ज्याला जसं जमेल तसं त्यानं खेळावं. मला मात्र हा माणूस समजून घ्यायचा आहे, म्हणून हट्ट.

भाल्याचं कोडं अजून तसंच आहे. त्याबद्दल कोणी नीट सांगेल का?

कडेकपारी

सांगतो. जवळ राहा. भाल्याची सगळी ताकद लांबीत आहे. तुम्ही लांब असलात की तो मोठमोठ्या फेकी करतो आणि पिस्तूल काढतो. अगदी अंगाशी राहिलात की त्याला तलवारीकडे वळावं लागतं, आणि तलवार तर तुम्हाला आधीच येते.

खुपसण्याचा वार आला, लाल चिन्ह दिसलं आणि भाल्याचं टोक सरळ तुमच्याकडे असलं की मागे नको, पुढे जाऊन मिकिरी. त्यानं त्याचा पॉश्चर घसघशीत वाढतो. उंच उडी घेऊन भाला आपटतो तेव्हा बाजूला सरका आणि एक-दोन वार करा. तिसऱ्याचा मोह टाळा, कारण लगेच पुढचा वार येऊ शकतो. खालून झाडल्यासारखा वार असेल तर उडी, आणि हवेतून त्याच्या डोक्यावर लाथ. गोळ्यांचा फारच त्रास होत असेल तर लोडेड अंब्रेला, म्हणजे ढालीसारखी छत्री, उघडा, तीत पिस्तूल निष्प्रभ होतं. ही पळवाट नाही, गेमनं दिलेलं हत्यार आहे.

आता सर्वात महत्त्वाचं. सुरुवातीला पॉश्चरच्या मागे लागू नका. इशिनचा लाइफ भरलेला असतो तोवर त्याचा पॉश्चर झपाट्यानं खाली येतो, तुम्ही दहा डिफ्लेक्ट केलेत तरी दोन क्षण थांबलात की पाण्यात. आधी छोट्या संधी साधून लाइफ अर्ध्यावर आणा. मग पॉश्चर भरून येणं मंदावतं आणि तुमचा प्रत्येक डिफ्लेक्ट जमा होत जातो. तुमचा स्वतःचा पॉश्चर उतरवायचा असेल तर थोडं मागे होऊन ब्लॉक धरून उभ्या राहा. नुसतं उभं राहण्यापेक्षा तो लवकर उतरतो. इचिमोंजी डबल हा तलवारीचा डाव शिकला असाल तर तोही लावा, इशिनचा पॉश्चर वाढतो आणि तुमचा कमी होतो.

हळदओली

कडेकपारींना अनुमोदन. मी ‘एल्डन रिंग’ची मलेनिया आधी हरवली होती. २०२२ मध्ये सगळीकडे तिचीच चर्चा होती. तिचा प्रत्येक लागलेला वार, अगदी ढालीवर झेललेलासुद्धा, तिचा लाइफ वाढवतो. शिवाय तो वॉटरफाउल डान्स, म्हणजे तिची सलग वारांची चाल, तो जवळून सुरू झाला तर बहुतेकदा संपलंच. तरीही मला इशिन जास्त न्याय्य वाटतो. मलेनियापुढे हरल्यावर मला कधीकधी कळायचं नाही की वेगळं काय करायला हवं होतं. इशिनपुढे नेहमी कळलं.

शेवंती

भाला ओलांडला! जवळ राहायचा सल्ला सुरुवातीला जिवावर आला, पण खरंच, अंगाशी गेलं की तो ओळखीचा होतो. लाइफ आधी कमी केल्यावर पॉश्चर बार पहिल्यांदाच भरलेला टिकून राहिला.

आता तिसरी फेज. वीज उलटवायला जाते, हवेत असते, तरी कधीकधी जमिनीवर आल्यावर झटका बसतो. किल्ल्यावरच्या गेनिचिरोवर जमायचं, इथे हुकतं. उडी नेमकी कधी?

रानवाट

अभिनंदन ताई!

उडी चिन्ह दिसताच मारत असाल तर ती लवकर होते. इशिन वीज घेतल्यावर क्षणभर थांबतो आणि मग हत्यार फिरवतो. फिरवायला सुरुवात झाली की उडी, चिन्हावर नाही. वीज तुम्हाला हवेतच लागली पाहिजे. लागल्याबरोबर, पाय टेकायच्या आत, वाराचं बटण. तेव्हा ब्लॉकला हात लावू नका.

विजेचे दोन वार लागोपाठही येतात, म्हणून पहिली उलटवली की लगेच धावून जाऊ नका, दुसरी येते का बघा. परत गेलेल्या विजेनं तो खिळून राहतो आणि लाइफ भरपूर जातो. बाकी सगळी फेज भाल्याचीच आहे, तुम्ही ती आता खेळलेली आहे. भाल्यापर्यंत पोहोचताना किती गोर्ड उरतात ते सांगा. चारपेक्षा कमी उरत असतील तर तलवारीच्या फेजबद्दल वेगळं लिहितो, तिथेही दोन-तीन जागा वाचवण्यासारख्या आहेत.