लॅटिन अमेरिकन बाळंतिणी आणि पहिल्याच दिवशी बाटली: दोष कुणाचा?

मंजिरी_ह्यूस्टन
टेक्सासमधल्या एका दवाखान्यात आहारसल्लागार आहे. येणाऱ्या बाळंतिणी बहुतेक मेक्सिको, होंडुरास, एल साल्वादोरकडच्या. अंगावर पाजायला त्यांची ना नसते. अमेरिकेतल्या ८० टक्क्यांहून जास्त हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या घरांतल्या) बाळांना आईचं दूध मिळायला सुरुवात तरी होतेच. पण पहिल्या दोन दिवसांतच वरचं दूध सुरू होण्याचं प्रमाण त्यांच्यात गोऱ्या बायकांपेक्षा बरंच जास्त. ‘लास दोस कोसास’, म्हणजे दोन्ही, हे ठरलेलं उत्तर.

चीक येतो चमचाभर. बाळ रडलं की शेजारची आजी म्हणते, पोट भरत नाहीये त्याचं. आणि बाटली येते. बाळाने ओढलंच नाही तर दूध उतरणार कसं? महिन्याभरात ते खरंच कमी होतं आणि आजी जिंकते.

माझं मत स्पष्ट आहे: फुकटचे डबे. देशात खपणाऱ्या बाळांच्या दूधपावडरीपैकी निम्म्याच्या आसपास पावडर ‘विक’ या सरकारी पोषण योजनेतून जाते. दारात आलेला डबा परत कोण पाठवेल?

खडूस_काका
खापर फोडायला गरिबांचा शिधाच सापडला का? त्याच ‘विक’मध्ये नुसतं अंगावर पाजणाऱ्या आईला जास्त शिधा मिळतो, तोही वर्षभर. २००९च्या बदलांनंतर दोन्ही देणाऱ्यांची पहिल्या महिन्याची पावडरही कापली. तरी बाटली गेली नाही, कारण प्रश्न रजेचा आहे. १९९३चा केंद्रीय कायदा देतो १२ आठवडे, तेही बिनपगारी, आणि जिथे ५० तरी कामगार आहेत अशाच ठिकाणी. लोकांची घरं पुसणारीला त्याचा काय उपयोग? भारतात २०१७पासून २६ आठवडे भरपगारी रजा कायद्यात आहे (धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती तिथेही मिळत नाही, हे वेगळं). तिसऱ्या आठवड्यात कामावर जायचंय हे जिला माहीत आहे, ती बाळाला बाटलीची सवय लावणारच. याला मी शहाणपण म्हणतो.

मंजिरी_ह्यूस्टन
काका, घरी बसणाऱ्याही बाटली देतातच की. शिवाय नव्याने आलेल्या जास्त दिवस पाजतात आणि इथे वर्षं जातील तसं पाजणं कमी होत जातं, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे इथल्या वाऱ्याचा दोष नाही?

खडूस_काका
तिकडचं वारं तरी कुठे शुद्ध आहे! मेक्सिकोच्या २०१२च्या राष्ट्रीय पाहणीत सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी निव्वळ आईच्या दुधावर होती जेमतेम १४ टक्के. पावडर कंपन्या लॅटिन अमेरिकेत कधीच्या पोचल्यात. डब्यांच्या जाहिरातीला आळा घालणारी संहिता जागतिक आरोग्य सभेत १९८१ साली आली, तेव्हा विरोधात मत देणारा एकटा देश कोण? अमेरिका.

शुभदा_सॅनहोजे
दोन्ही दिलं तर आभाळ कोसळतं का? माझी शेजारीण मेक्सिकोतल्या हालिस्कोची. तिची ४० दिवसांची ‘क्वारेन्तेना’ आपल्या सव्वा महिन्यासारखीच: गार वर्ज्य, कोंबडीचा रस्सा, आई उशाशी. रात्रीची एक बाटली नवरा पाजायचा, तेवढीच तिला झोप. बाळ छान वाढलं. आणि २०२२ आठवतंय ना? मिशिगनमधला दूधपावडरीचा एक कारखाना बंद पडला आणि दुकानांची फडताळं रिकामी. नुसत्या डब्यावरच्या बायका रडकुंडीला आल्या; हिच्याकडे निदान अंगावरचं होतं.

मंजिरी_ह्यूस्टन
बाटली वाईट असं मी म्हटलेलंच नाही, शुभदा. पहिल्या दोन आठवड्यांत नको, एवढंच. दूध नीट उतरू लागू दे, मग नवऱ्याला खुशाल पाजू दे. आणि प्रकरण बाटलीवर थांबत नाही. पोट दुखतं म्हणून कॅमोमाइलच्या फुलांचा चहा, त्यात कुणी मध घालतं. वर्षाच्या आत मध म्हणजे बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका. हसू नका, आपल्याकडेही जन्मल्या जन्मल्या मध चाटवतात आणि बाळगुटी उगाळतात.

खडूस_काका
मधाबद्दल एकदम मान्य. बाकी काही नाही.

शुभदा_सॅनहोजे
एक विचारू? समजावताना आजी खोलीत असते का?

मंजिरी_ह्यूस्टन
नसते. खोली एवढीशी, खुर्च्या दोनच. आई आणि मी.

शुभदा_सॅनहोजे
म्हणजे बाटली देणारी बाहेर बाकावर, आणि व्याख्यान बाळंतिणीला! उद्या तिसरी खुर्ची टाका, डब्यांचं मग बोलू.