शब्दचर्चा: 'परवडणारं घर', पण कोणाला?

प्रश्न (इंदूर, तिलकनगर)

आमच्या मंडळाच्या वाचनकट्ट्यासाठी शहरातल्या घरबांधणीवर मराठीत एक टिपण लिहायला घेतलंय आणि पहिल्याच ओळीला अडले आहे. 'अफोर्डेबल हाउसिंग' मराठीत कसं लिहायचं? वर्तमानपत्रं 'परवडणारी घरं' लिहितात. इथल्या हिंदी पत्रकांत 'किफायती आवास' असतं.

'परवडणं' या क्रियापदाला मराठीत 'कोणाला' हे लागतंच. मला परवडतं, आम्हाला परवडत नाही. भाजीवालीसुद्धा म्हणते, "ताई, एवढ्यात द्यायला मला नाही परवडत." म्हणजे घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं, दोघांचंही गणित त्या एका शब्दात येतं. फलकावर 'परवडणारी घरं' लिहिलं की तो 'ला' गळतो. कोणाला परवडणारी, हे विचारायची सोयच उरत नाही. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींना मी असाच एक फलक वाचून दाखवला. त्या एवढंच म्हणाल्या, "हप्ता किती?"

दुसरी अडचण 'निरनिराळ्या प्रकारची घरं' या शब्दांची. वन बीएचके, टू बीएचके हे प्रकार नव्हेत, ती मापं झाली. घराच्या प्रकारांना आपल्याकडे शब्द आहेत का?

प्रतिसाद (पुणे)

'घरकुल' का नको? आमच्याकडे सरकारी योजनांत तोच शब्द रुळलाय. "घरकुल मंजूर झालं का?" असं लोक सहज विचारतात. गोड आहे, छोटा आहे, आपला आहे.

प्रतिसाद (इंदूर, रामबाग)

घरकुल शब्द चांगला, पण त्यात योजना दिसते, घराचा प्रकार दिसत नाही. ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या जुन्या बोलण्यातच आहे. माझा जन्म रामबागेतल्या वाड्यातला. पुढे मालक, माडीवर एक वकील, मागच्या सोप्यात दोन बिऱ्हाडं आणि जिन्याखालच्या खोलीत शिकायला आलेला एक मुलगा. भाडी वेगळी, जागा वेगळ्या, पण दार एकच आणि नळही एकच. 'बिऱ्हाड' म्हटलं की कुटुंब, चूल आणि भाड्याची जागा हे तिन्ही एकदम डोळ्यांपुढे येतं. 'युनिट'मध्ये यातलं काही येत नाही.

जागेचं माप आम्ही खणांत सांगायचो. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण. लाकूड जेवढं लांब मिळेल त्यावर खोलीची रुंदी ठरे. 'दोन खणांची जागा' म्हटलं की ऐकणाऱ्याला अंदाज येई, आत किती अंथरुणं पडतील.

त्याशिवाय आपल्या शहराचे खास शब्द आहेत. टाटपट्टी बाखल या वस्तीच्या नावातलं 'बाखल' घ्या, गिरण्यांच्या बाजूच्या चाळी घ्या, पंचम की फेल, गोमा की फेल या वस्त्यांच्या नावांतलं 'फेल' घ्या. आणि आताची 'मल्टी'! बहुमजली इमारतीला इंदूरकर मल्टी म्हणतो, मग तो मराठी असो, सिंधी असो की माळवी. "आमच्या मल्टीत पाणी नाही आलं" हे वाक्य पुण्याच्या माणसाला समजावून सांगावं लागतं.

प्रतिसाद (अकोला)

'फेल' वाचून दचकलोच. आमच्याकडे 'फैल' आहे, अकोल्यातलं तारफैल सगळ्यांना माहीत. वर्ध्यातही तारफैल आहे. कष्टकऱ्यांची वस्ती याच अर्थानं आम्ही तो शब्द ऐकत आलो. तुमच्याकडे तो शब्द हिंदीच्या तोंडी गेला आणि मात्रा बदलली, असं दिसतं. दोन्हीकडे जुने लोक बोलते करायला हवेत.

प्रश्नकर्ती

रामबागेचे काका, तुमच्या प्रतिसादानं टिपणाचा आराखडाच बदलला. दोन गोष्टींची भर घालते.

एक, आपल्या शहरातला 'एलआयजी'. रिक्षावाल्याला आपण "एलआयजी चौराहा" सांगतो, पोलीस ठाण्याचं नाव एमआयजी आहे. अक्षरं मुळात उत्पन्नगटांची, अल्प उत्पन्न आणि मध्यम उत्पन्न. गृहनिर्माणाच्या कागदावरून ती कॉलनीच्या पाटीवर आली आणि गावाच्या नकाशात कायमची बसली. आज "मी एलआयजीला राहते" म्हणणारीचं उत्पन्न कोणी विचारत नाही. ज्याच्या नावावर घर बांधलं त्याचं उत्पन्न वाढलं, घर विकलं गेलं, वर मजले चढले, तरी अक्षरं तीच राहिली. शहरं आखताना अमक्या गटासाठी अमुक घर असं ठरवतात, पण कुटुंब काही त्या गटात थांबत नाही.

दुसरी गोष्ट अरण्यची. स्कीम 78 या वसाहतीच्या बाजूला आहे, आपल्यापैकी कितीतरी जण रोज तिथून जातात. इंदूर विकास प्राधिकरणासाठी वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी आखलेली ही वसाहत. सुमारे 85 हेक्टर जागा, साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड. सर्वांत लहान भूखंड 35 चौरस मीटरचा, म्हणजे पावणेचारशे चौरस फूट. त्या भूखंडावर बांधलेलं घर नव्हतंच. जोतं, संडास, न्हाणी, पाणी आणि वीज एवढंच दिलं, पुढचं ज्याचं त्यानं सवडीनं बांधायचं. घर कसकसं वाढू शकतं हे दाखवायला नमुन्याची 80 घरं तेवढी उभी केली. मोठे भूखंड चढ्या भावानं विकले आणि त्यातून लहानांचा भार उचलला. देणाऱ्याला परवडणं ते हेच. 1995 साली वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला तो याच आखणीला.

गेल्या रविवारी मुद्दाम गेले. एका घरापुढे ओटला, त्यावर शिलाई मशीन. बाहेरूनच जिना वर गेलेला, वरच्या खोलीत भाडेकरू. खालचा मजला विटांचा, वरचा नव्या ठोकळ्यांचा, आणि गच्चीवर सळया तशाच उभ्या सोडलेल्या. त्या बाई सळयांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मुलाचं लग्न ठरलं की."

याला इंग्रजीत 'इन्क्रिमेंटल हाउसिंग' म्हणतात. मराठीत 'वाढीव घर' म्हटलं तर वाढीव बिलासारखं वाटतं. 'टप्प्याटप्प्याचं घर' हे कंत्राटदाराच्या तोंडी शोभेल. सुचवा.

प्रतिसाद (पुणे)

घरकुलाचा हट्ट सोडला. दोशी जन्मानं पुण्याचे, म्हणून या शब्दात आमचाही वाटा असू द्या! 'राहतं घर' म्हणतो ना आपण? त्याच धर्तीवर 'वाढतं घर'.

प्रतिसाद (इंदूर, रामबाग)

वा! 'वाढतं घर' लगेच कळतं. वाढत्या अंगाचे कपडे शिवतात ना, तसं.

ताई, ओटल्याला टिपणात 'ओटा' करू नका. पुण्यामुंबईत ओटा म्हटला की स्वयंपाकघरातला गॅसचा ओटा. आपल्या माळव्यात ओटला म्हणजे दारापुढची बसायची, विकायची, भांडण मिटवायची जागा. चार फुटांच्या त्या जागेवर एका घराची कमाई होते. नकाशात ती 'मोकळी जागा' म्हणून पुसली की मल्टीत गेलेल्या बाईचं मशीन ठेवायचं कुठे?

प्रश्नकर्ती

ओटलाच राहील, वचन.

जाता जाता आणखी एक शब्द, जो मला फार लागतो, तो म्हणजे 'आश्रय शुल्क'. आपल्या मध्य प्रदेशात नवी कॉलनी काढणाऱ्याला दुर्बल घटकांसाठी जागा किंवा घरं ठेवावी लागतात. नियमांत बसत असेल तर त्याऐवजी पैसे भरता येतात, त्या पैशांचं हे नाव. वाचताना वाटतं, कोणाला तरी आश्रय मिळाला. प्रत्यक्षात त्या कॉलनीत तो मिळणार नाही, म्हणून भरलेली ती रक्कम आहे. पैसा पुढे चांगल्या कामाला लागतही असेल, पण कामाला येणाऱ्या मावशींचं घर त्या कॉलनीजवळ राहत नाही, त्यांना दोन बस बदलून यावं लागतं. मराठीत मी सरळ 'घरांऐवजी भरलेलं शुल्क' असं लिहिणार आहे.

पहिली ओळही ठरली: "शहरात कोणाला काय परवडतं, आणि त्यांच्यासाठी कोणत्या तऱ्हेची घरं हवीत?" त्याखाली यादी येईल: भाड्याची बिऱ्हाडं, एकाच दाराआड चार कुटुंबांचे वाडे, ओटल्याची जोडघरं, चारमजली मल्टी आणि वाढतं घर.

'फेल'बद्दल गिरणीतून निवृत्त झालेल्या एका आजोबांना शनिवारी भेटायचं ठरलंय. अकोल्याच्या दादांनीही तारफैलात विचारून ठेवावं.