माफिया ३: समीक्षक इतके दुभंगले का?

प्रश्न: २०१६चा माफिया ३ हा व्हिडिओ गेम आत्ता खेळतोय. सुरुवातीचे काही तास थक्क करणारे होते. मग जुनी परीक्षणं वाचली: कथेला डोक्यावर घेतलंय आणि खेळाला झोडपलंय. एकाच गेमबद्दल असं कसं?

उत्तर १: कारण दोन्ही खरं आहे. १९६८ सालचं न्यू बोर्डो, म्हणजे न्यू ऑर्लिन्सवर बेतलेलं शहर, आणि व्हिएतनाम युद्धाहून परतलेला कृष्णवर्णीय नायक लिंकन क्ले. फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या दुकानात तो नुसता शिरला, तरी मालक पोलिसांना बोलावायची धमकी देतो. श्रीमंत वस्तीत पोलीस लगेच येतात, गरीब वस्तीत रमतगमत. वंशभेद मी वाचला होता, पण तो अंगावर आला तो इथेच. मात्र प्रत्येक वस्ती काबीज करायची रीत तीच: धंद्याची नासधूस करा, खबऱ्याला बोलतं करा, म्होरक्याला गाठा. तिसऱ्या वस्तीपर्यंत हात आपोआप चालतात. समीक्षकांच्या ‘कंटाळा आला’ या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे.

उत्तर २: त्यात पीसी आवृत्ती सुरुवातीला सेकंदाला ३० फ्रेम्सवर (म्हणजे ३० चित्रांवर) अडकवलेली होती, त्यामुळे हालचाल तितकी सफाईदार दिसत नव्हती. दुरुस्तीचा पॅच लवकर आला, पण पहिल्या परीक्षणांत ते उतरलंच.

प्रश्नकर्ता: दुकानाचा प्रसंग कालच घडला. मी गल्ल्यापर्यंतही पोचलो नव्हतो. पुढे खेळतो.

उत्तर १: काबीज केलेल्या वस्त्या लिंकनच्या साथीदारांत वाटताना त्यांच्यातल्या व्हिटोला डावलू नकोस. सतत डावललेला साथीदार उलटतो.