जुन्या टँकमध्ये नवे मासे आणावेत का?

खिडकीतली_मासोळी
दोन फुटी टँक, साधारण ५५ लिटर, चार वर्षांपासून चालू आहे. नऊ निऑन टेट्रा होते, म्हातारे होत होत तीन उरलेत. खाली चार कोरी (कोरीडोरास, तळाशी फिरणारे छोटे मासे). निऑन दिवसभर लाकडामागे बसून असतात, खाणं टाकलं की तेवढे बाहेर येतात. लेक म्हणते आणखी सहा आणू. नवऱ्याचं म्हणणं, आहेत ते सुखात आहेत, कशाला विषाची परीक्षा. तुम्ही काय केलं असतं?

शंकासुर
नवऱ्याचं ऐका. गेल्या गणपतीत मी सहा गप्पी आणले. दुकानात टणटणीत होते. चौथ्या दिवशी एकाच्या शेपटीवर रवा भुरभुरल्यासारखे दाणे. बाराव्या दिवशी चौदातले तीन मासे शिल्लक, आणि गेलेल्यांत पाच वर्षं सांभाळलेली एंजलची जोडी. व्हाइट स्पॉट म्हणतात या रोगाला. त्याच्या जंतूचा दाणा माशाच्या कातडीखाली असेपर्यंत औषध त्याला लागतच नाही. तो गळून तळाशी जातो, फुटून त्याची शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात, तेव्हाच काय ती मरतात. आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

टिल्लू_टेट्रा
शंकासुर, तुमच्या एंजलचं वाईट वाटलं. पण चूक गप्पींची नव्हती, पिशवी थेट टँकमध्ये रिकामी करण्याची होती. आणि मासोळीताई, ते तिघे सुखात वगैरे नाहीत हो. निऑन थव्यातला मासा, सहाच्या खाली आला की बिचकतो. लाकडामागे बसणं ही भीती आहे. मंडप काढायला घेतला तरी बसून राहिलेल्या तीन पाहुण्यांसारखी गत झालीये त्यांची.

शंकासुर
मग त्यांना शांतपणे म्हातारं होऊ द्या की! तुमच्या हिशोबाने थवा कधी संपायचाच नाही. दर दोन वर्षांनी सहा, दर दोन वर्षांनी जुगार.

गाळ_आणि_शेवाळ
दोघंही माशांवर भांडताय, पाण्याचं कोणी बोलत नाही. ताई, पीएच मोजलात का? माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्रेट करताना जिवाणू पाण्यातला क्षार खातात. पाणी कमी बदललं की वर्षानुवर्षं पीएच उतरत जातो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होत जातं. जुन्या माशांना ते हळूहळू सवयीचं होतं, दुकानातून आलेल्याला एकदम झटका बसतो. मग लोक म्हणतात, "मासाच आजारी दिला." बरं, घाबरून एकदम अर्धं पाणी बदलायचंही नाही. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात असतो. पीएच झपकन चढला की तोच विषारी होतो.

खिडकीतली_मासोळी
आत्ताच मोजला. टँक ६, नळ ७.५. खरं सांगू? पाणी बदलत नव्हते, उडालं की नुसती भर घालत होते.

गाळ_आणि_शेवाळ
उडतं ते पाणी, घाण मागेच राहते. आता दर दोन-तीन दिवसांनी पाच-सहा लिटर बदला, क्लोरीन काढून. महिनाभर मासे विसरा.

टिल्लू_टेट्रा
आणि त्याच महिन्यात एक स्पंज फिल्टर जुन्या टँकमध्ये मुरवत ठेवा, म्हणजे ते जिवाणू त्यात बसतील. नंतर तो वीस लिटरच्या प्लास्टिक टबात लावायचा आणि नवे मासे चार आठवडे तिथेच. सोबत छोटा हीटर.

शंकासुर
वन बीएचकेत टब ठेवायचा कुठे, डोक्यावर? पहिल्या आठवड्यात सगळे उत्साही असतात, तिसऱ्यात "काही दिसत नाही, सोडून टाकू" होतं. मीच केलंय ते, एकदा नाही, दोनदा.

खिडकीतली_मासोळी
टब शिवणयंत्राखाली मावतोय, बघितलं. आधी पाणी सुधारते. लेकीला तारीख दिलेली नाही.

शंकासुर
माझं मत अजून नकोच. पण आणणारच असाल तर टबाची जाळी आणि पाइप वेगळे घ्या. माझ्याकडे दोन्हीकडे एकच जाळी होती.