अंगण उणे तीस, आजीचं बीपी वर

खवटकाकू
काल इथे एका ताईंनी लिहिलं, "घरातलं कुणी इन्फ्लुएन्सर झालं तर नातेवाइकांनी अभिमान बाळगावा, कुरकुरणारे नुसते जळतात." ताई, तुमच्या घरात अजून कुणी झालेलं दिसत नाही.

आमचा मामेभाऊ नॉर्वेत, ट्रोम्सोला असतो. मागच्या जानेवारीत पठ्ठ्याने व्हिडिओत उकळता चहा हवेत भिरकावला, त्याचं क्षणात धुकं झालं आणि खाली ओळ: "आमच्या अंगणातली सकाळ, उणे तीस!" अहो, ट्रोम्सो समुद्राकाठी. गरम प्रवाहामुळे जानेवारीची सरासरी उणे चारच्या आसपास. ते अंगण होतं काउटोकेइनोचं, गाडीने निम्मा दिवस आत. पण आजीला कोण सांगणार? महिनाभर रात्री दोनला मला हलवून उठवायची, "पोराने हीटर लावलाय का विचार." बीपीची गोळी वाढली ती वेगळीच.

ध्रुवबाळ
मी ट्रोम्सोतच राहतो. चहाचं खोटं ते खोटंच. पण काकू, एक हिवाळा इथे काढून बघा. २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य उगवत नाही, आणि डोंगर आडवे, म्हणून गावात दिसतो तो २१ तारखेच्या सुमारास. त्या दिवशी जॅम भरलेले तळलेले बन घ्यायला बेकरीत रांग लागते. पहिल्या वर्षी मी त्या रांगेत रडलो. पुढच्या आजींनी काही न बोलता रुमाल दिला. व्हिडिओ करायला लागल्यापासून निदान रोज दाढी करतो. गच्चीत ऊन खात प्रवचन देणं सोपं असतं.

अण्णा_डोंबिवली
तिकडे आपण नवे नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात बसून सिद्ध केलंय, वेदकाळचे लोक ध्रुवाकडचेच. मामेभाऊ घरी गेलाय म्हणा की!

तिरकस
अण्णा, मंडाले १९०८ नंतरचं, तिथे गीतारहस्य झालं. वेदकाळचे लोक आर्क्टिकचे म्हणणारं पुस्तक १९०३चं. आणि सिद्ध नाही, मांडलं.

अण्णा_डोंबिवली
मांडलं म्हणे! वेदातली तीस दिवसांची उषा काय डोंबिवलीत दिसते?

तिरकस
डोंबिवलीत लोकलच्या गर्दीत साधी पहाट दिसत नाही, तो मुद्दा वेगळा. ध्रुवापाशी वेद म्हणणारी माणसं होती याचं एक खापर दाखवा, एक हाड दाखवा.

अण्णा_डोंबिवली
लोकमान्यांकडे हाडं मागणारे तुम्ही कोण?

खवटकाकू
अहो, धागा माझ्या आजीच्या बीपीचा आहे!

मीठमिरची
मी काकूंच्या बाजूने. आमच्या नणंदेच्या जावेची मुलगी तिकडेच. तिच्या व्हिडिओतलं हिरवं आकाश, तो ध्रुवीय प्रकाश, बघून आम्ही सहाजण गेलो, तिनेच सांगितलेल्या टूरमधून. चार रात्री नुसते ढग. पाचव्या रात्री दिसलं ते राखाडी, धुतलेला पंचा वाळत घातल्यासारखं. मोबाईल वर धरला तर हिरवंगार! ती म्हणते, "मामी, फोनमधूनच बघायचं असतं." तिला माणशी कमिशन मिळालं, हे घरी आल्यावर कळलं.

ध्रुवबाळ
ध्रुवीय प्रकाश जोरात असला की नुसत्या डोळ्यांनाही हिरवा दिसतो. तुमचं नशीब. कमिशनचं मात्र तिने आधी सांगायला हवं होतं.

शांतारामपंत
माझा भाचा स्वालबार्डला, नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांवर, हिमाद्रीत होता, आपलं २००८ पासूनचं संशोधन केंद्र. त्या गावात रेडिओ दुर्बिणीसाठी मोबाईल, वायफाय बंद ठेवावं लागायचं. दोन महिने एक रील नाही, आईला फक्त ईमेल. काय ते सुख! परत आल्यावर मात्र "या गावात मरायला बंदी" असा व्हिडिओ टाकलाच. बंदी कसली? ते गाव म्हणजे स्वालबार्डचंच मुख्य गाव लाँगयिअरब्येन, तिथली जमीन कायम गोठलेली, म्हणून शवपेट्या पुरणं १९५०च्या सुमारास थांबवलं, इतकंच. तसं सांगितलं तर म्हणतो, "मामा, इतकं खरं कोण बघतं?"

खवटकाकू
ध्रुवबाळ, रुमालाचं वाचून जरा गप्प झाले. म्हणजे पटलं असं नाही. काल मामेभावाला झापलं. त्याने चहाखाली "काउटोकेइनो" लिहिलंय, मुंगीएवढ्या अक्षरात. आजीला दाखवलं तर ती माझ्यावरच रुसली. म्हणे, "म्हणजे अंगणसुद्धा दुसऱ्याचं?"

अण्णा_डोंबिवली
१९०३ मान्य. बाकी काहीही मान्य नाही.