व्हील कॅपच्या डिझाईनवरून पेटंटची नोटीस आलीये, मदत हवी आहे (अर्जंट)

भोसरीचा_मोल्डर: नमस्कार मंडळी, भोसरीत आमचं छोटं इंजेक्शन मोल्डिंगचं युनिट आहे, गाड्यांच्या व्हील कॅप करतो, माल नाना पेठेत जातो. काल एका मोठ्या ॲक्सेसरीवाल्याच्या वकिलाची नोटीस आली, म्हणे त्या कॅपचं पेटंट त्यांचं आहे, 15 दिवसांत माल बंद करा, डाय (कॅपचा साचा) आमच्या ताब्यात द्या आणि वर भरपाई. डायलाच आमचे साडेचार लाख गेलेत हो! काय करू, लवकर सांगा.

जुना_टायर: फोटो कुठाय? नोटिशीत नंबर काय दिलाय? डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं झालं हे.

खेडशिवापूर: माझ्या मेव्हण्याला अशीच आलेली, त्याने रद्दीत टाकली, काही झालं नाही.

कलमकिडा: मेव्हण्याचं नशीब थोर, सल्ला म्हणून देऊ नका. मोल्डर भाऊ, हे पेटंट नसणार. वस्तू चालते कशी त्याला पेटंट, 20 वर्षं. दिसते कशी त्याला डिझाईन रजिस्ट्रेशन, 2000 चा कायदा, 10 वर्षं आणि वाढवून आणखी 5. नोटिशीतला नंबर सरकारी साईटवर टाकून बघा. अर्जाची तारीख काय? आणि तुम्ही विकताय कधीपासून?

भोसरीचा_मोल्डर: हो डिझाईनच लिहिलंय. तारीख फेब्रुवारी 2022. आम्ही 2020 च्या दिवाळीपासून विकतोय, ते लिहायचं राहिलं.

कलमकिडा: अहो हेच पहिल्या ओळीत हवं होतं!! अर्जाच्या आधीच डिझाईन लोकांसमोर आलेलं असेल तर ते नवीन राहत नाही. कलम 19 खाली कोलकात्याला कंट्रोलरकडे (डिझाईन नोंदणीचा सरकारी अधिकारी) रजिस्ट्रेशन रद्द करायचा अर्ज करता येतो, आणि त्यांनी दावा लावलाच तर कलम 22 मध्ये हाच मुद्दा बचाव म्हणूनही चालतो, मग प्रकरण हायकोर्टात जातं.

जुना_टायर: पुरावा काय पण? बिलावर काय लिहिलंय?

भोसरीचा_मोल्डर: "व्हील कॅप 14 इंच सिल्व्हर".

जुना_टायर: झालं. असं बिल तर पुण्यातला प्रत्येक कॅपवाला दाखवेल. चित्र दिसलं पाहिजे, कॅटलॉग, दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो, काहीही, पण तारखेसकट. आणि फोन बदलू नका आता.

खेडशिवापूर: कोर्टकचेरीत आयुष्य जातं. पेढे घेऊन त्यांच्या मालकाला भेटा, समोरासमोर मिटतं सगळं.

कलमकिडा: आणि पेढे खाता खाता "हो, डिझाईन सेमच आहे" बोलून बसा! आधी वकिलाकडून लेखी उत्तर, मग काय ते पेढे.

म्युनिकचा_पुणेकर: इकडे युरोपात स्पेअर पार्टला डिझाईनच्या हक्कातून दुरुस्तीची सवलत आहे, म्हणजे गाडी दुरुस्त होऊन पूर्वीसारखी दिसावी म्हणून तसाच पार्ट बनवता येतो. फोर्डने इटलीच्या व्हीलट्रिम्स कंपनीवर केस केली होती, व्हील कव्हरचीच. 2015 मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की ही सवलत डिझाईनपुरती, कव्हरवर फोर्डचा लोगो टाकायला ती चालणार नाही.

कलमकिडा: आपल्या कायद्यात तशी सवलतच नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. पण लोगोवरून आठवलं, मोल्डर भाऊ, तुमच्या कॅपवर मधे काय असतं?

भोसरीचा_मोल्डर: गाडीचा लोगो. दुकानदार मागतात, त्याशिवाय उचलतच नाहीत.

कलमकिडा: अरे देवा. ते आजच बंद करा. तो ट्रेडमार्कचा वेगळा खड्डा आहे, त्यात गाडीची कंपनीच अंगावर येईल.

टिकली: मला एक सांगा, माझ्या वॅगन आरची कॅप कात्रज घाटात तिसऱ्यांदा उडाली. काही उपाय?

जुना_टायर: केबल टाय मारा, काळ्या रंगाचा. मोल्डर, डिझाईन काढलं कोणी मुळात?

भोसरीचा_मोल्डर: डायवाल्याने तीन दाखवले, त्यातलं एक आम्ही निवडलं.

जुना_टायर: म्हणजे तेच तीन त्यांनाही दाखवले असतील! डायवाल्याकडची ड्रॉइंगची फाईल आणि तिची तारीख मागा, तोच तुमचा साक्षीदार. किंवा त्यांचा.

भोसरीचा_मोल्डर: सकाळपासून चार वेळा लावला, उचलत नाहीये. वर्कशॉपवरच जातो आता.

टिकली: टाय एका कॅपला किती लागतात?