टेक्सासमध्ये घर घेताना चालू वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स कोणी किती सोसायचा?

प्लेनोनिवासी
नमस्कार. प्लेनो येथे आम्ही जुने घर घेत असून क्लोजिंग (सह्या होऊन घर आमच्या नावावर होण्याचा दिवस) ३० जूनला आहे. टायटल कंपनीच्या (मालकी तपासून खरेदीचा व्यवहार पूर्ण करून देणाऱ्या कंपनीच्या) हिशेबात विक्रेत्याकडून आम्हाला करापोटी ४,५२५ डॉलर मिळणार असल्याचे दाखवले आहे; मात्र यंदाचे संपूर्ण बिल आम्हीच भरायचे, असे एजंट सांगतात. शिवाय बँक एस्क्रोसाठी (घराचा कर भरण्याकरिता बँक आमचे पैसे साठवते त्या खात्यासाठी) काही महिन्यांची रक्कम वेगळी मागत आहे. हा आकडा कसा निघाला, आणि बिल जास्त आले तर वाढीव रक्कम कोणी द्यायची?

डॅलसकर
टेक्सासमध्ये करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते, बिले साधारण ऑक्टोबरमध्ये निघतात आणि ३१ जानेवारीपर्यंत भरायची असतात. जूनमध्ये यंदाचे बिल कोणाच्याच हाती नसल्याने टायटल कंपनी बहुधा गेल्या वर्षीच्या बिलावरून अंदाज बांधते. तुमच्या घराचे ते बिल ९,१२५ डॉलरचे असावे, म्हणजे दिवसाला २५ डॉलर. आणि १ जानेवारी ते ३० जून हे १८१ दिवस विक्रेत्याचे. बिल येईल तेव्हा घर तुमच्या नावावर असेल आणि थकलेल्या कराचा बोजा मालक बदलला तरी घरावरच राहतो, म्हणून विक्रेत्याचा वाटा आत्ताच तुमच्या पदरात टाकला जातो.

टेक्सास रिअल इस्टेट कमिशनच्या छापील करारातील १३ वा परिच्छेद अवश्य वाचा. प्रत्यक्ष कर अंदाजापेक्षा वेगळा निघाल्यास बिल आल्यावर दोन्ही पक्षांनी फरक चुकता करावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. समजा, बिल १०,५८५ चे आले, तर दिवसाचे २९ डॉलर होतात आणि विक्रेत्याकडे आणखी ७२४ डॉलर निघतात. बिल कमी आले तर तुम्हालाच परत द्यावे लागतील. टायटल कंपनी हे काम आपणहून करीलच असे नाही. तेव्हा विक्रेत्याचा नवा पत्ता आणि ईमेल सह्या होतानाच मागून घ्या.

हिशेबी
एस्क्रोची मागणी ही दुहेरी वसुली नव्हे. विक्रेत्याचे ४,५२५ तुम्ही द्यायच्या रकमेतून वजा होतात, तर वर्षअखेरीस बँकेला पूर्ण बिल भरता यावे इतकी शिल्लक एस्क्रोत साठावी लागते. मला अधिक काळजी पुढच्या वर्षाची वाटते. विक्रेत्याला होमस्टेडची (मालक स्वतः राहत असलेल्या घरावरील) सवलत असेल, तर त्यांच्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढू शकत नव्हते. विक्रीनंतरच्या १ जानेवारीला ही मर्यादा सुटते आणि मूल्य बाजारभावावर जाते. त्या वाढीची तरतूद आजपासूनच ठेवा आणि स्वतःच्या होमस्टेडचा अर्ज लांबवू नका.

प्लेनोनिवासी
दोघांचेही मनापासून आभार. संपूर्ण बिल आमच्या नावावर भरले गेले, तर फेडरल प्राप्तिकरात पूर्ण रकमेची वजावट मागता येईल का?

डॅलसकर
नाही. वजावट काढताना विक्रीच्या आदल्या दिवसापर्यंतचा कर विक्रेत्याचा आणि विक्रीच्या दिवसापासूनचा तुमचा धरतात, बिल कोणीही भरलेले असो. त्यामुळे करारात विक्रेत्याकडे मोजलेला ३० जून प्राप्तिकरात तुमच्याकडे येतो.